कमलवन्संचा डावा हात

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो,

तेरा दिवस तुम्ही आमच्या घरची चूल पेटू दिली नाही. वारंगा फाट्याहून भाकरी आल्या, शिरड शहापूरहून पिठलं आलं, गल्लीतून वरणभात. डबे धुऊन ओट्यावर ठेवलेत, जाताना आपापले घेऊन जा. एवढं बोलणं सोपं आहे. पुढचं अवघड आहे.

कमलवन्सं माझ्या नणंद. न्यूमोनियानं गेल्या. पण मला त्यांच्या जुन्या दुखण्याचं सांगायचं आहे. लहानपणापासून त्यांना मिरगी होती. उभ्या-उभ्या पडायच्या. चुलीजवळ पडल्या, आडाजवळ पडल्या. गोळ्यांनी काही होईना, तेव्हा मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. मेंदूचे दोन भाग असतात, शेंगदाण्याच्या दोन फाकांसारखे. त्यांना जोडणारा मधला पूल डॉक्टरांनी कापला. पडणं थांबलं. पण डावा हात आपल्या मनानं वागायला लागला.

उजव्या हातानं गुंडी लावायच्या, डावा ती काढायचा. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

मग एका एकादशीला, आरतीनंतर, त्यांनी डाव्या हातानं प्रसाद वाटला. मावशी, तुम्ही आत्ता समोरच बसल्या आहात. तुम्हीच विचारलं होतं, "काहून गं पोरी, डाव्या हातानं परसाद?"

"मावशी, म्या न्हाई दिला. यानं दिला!"

सगळे हसले. मी हसले नाही. मला वाटलं, देवाच्या दारी ह्या मुद्दाम करून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून आरतीच्या वेळी मी तो हात उपरण्यानं कमरेला बांधायला लागले. होय, मीच. चार महिने बांधला.

त्याच दिवसांत आमचं भांडण झालं. "जा वहिनी, तुमचं तोंड बघायचं न्हाई मला!" मी निघाले, तर पदर ओढला गेला. वळून बघते, तर त्यांच्या डाव्या हातानं धरलेला. वाटलं, चेष्टा करतात. मी झटका देऊन पदर सोडवला.

पुढे तपासणीला गेलो. डॉक्टरांनी वन्संना डोळे मिटायला सांगितले अन् डाव्या हातात किल्ली दिली. "काय आहे?" "ठाऊक न्हाई." मग ती किल्ली पिशवीत टाकली, सोबत चमचा अन् कंगवा. डाव्या हातानं चाचपून बराबर किल्लीच काढली. मी दहावी झालेली बाई, मी कारण विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हा हात मेंदूच्या उजव्या भागाचं ऐकतो. बोलणं बहुतेक डाव्या भागाकडं असतं. उजव्याला कळतं बाई, पण त्याला तोंड नाही."

मला पदर आठवला.

"जा" म्हणणाऱ्या वन्सं खऱ्या, की धरून ठेवणाऱ्या? येताना बसमध्ये मी तो हात माझ्या हातात घेतला. "काय झालं वहिनी?" "काही नाही." घरी आल्यावर उपरणं धुऊन पेटीत ठेवलं. ते पुन्हा काढलं नाही. माफी मात्र मागायची राहिली. इतकी वर्षं रोज एका ताटात जेवलो, तरी राहिली.

आज मागते. फुलांचं मी गुरुजींना विचारून घेतलं आहे, ते नाही म्हणाले नाहीत.

सगळे उभे राहू. ज्याला तोंड नव्हतं, त्याच्यासाठी दोन मिनिटं कुणी बोलू नका. मग फोटोला फुलं वाहू.

मावशी, पहिलं फूल तुमचं. डाव्या हातानं.