ऐकायची पाळी

आदरणीय अध्यक्ष, कारखान्याचे व्यवस्थापक, व्यासपीठावरची सर्व वडीलधारी मंडळी, प्रेस विभागातले कामगार बंधू-भगिनी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते काका आणि काकू, सर्वांना माझा नमस्कार.

मी आपल्या कारखान्यातली नाही. मी व्हायोलिन शिकवते. पत्र्याच्या प्रेसवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या निरोपाला व्हायोलिनची बाई कशाला, असं आपल्याला वाटलं असेल. काकूंनी बोलावलं, म्हणून आले.

आपण काकांना लाडानं ‘भोंगा’ म्हणता, हे मला आजच कळलं. ते मोठ्यानं बोलतात म्हणून ना? स्वतःचा आवाज कानापर्यंत पोचत नसला की माणूस मोठ्यानंच बोलतो. पहिली पाळी संपवून ते माझ्या क्लासच्या दारात आले, तेही असेच गरजत. “बाई, मला शिकवाल का?” आतली मुलं दचकली. काखेत नवीकोरी पेटी होती आणि पेटीत इलेक्ट्रिक व्हायोलिन.

मी विचारलं, “काका, या वयात हेच का?”

म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, कान हळूहळू जाणार. जन्मभर प्रेसची धडधड ऐकली. आता जे उरलंय, ते तरी बऱ्या कामाला लावावं म्हटलं. साधं व्हायोलिन मला ऐकू येत नाही. याचा आवाज वाढवता येतो.”

“बसा,” म्हटलं.

पहिल्या दिवशीची गोष्ट सांगते. मी एका मुलीच्या तारा जुळवत होते. काकांना धीर कुठला! त्यांनी व्हायोलिन स्पीकरला जोडलं, गज तारांवर ठेवला आणि ओढला. आवाज नाही. स्पीकरचं बटण पिरगाळलं, पुन्हा ओढला. काहीच नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला म्हणाले, आणि तेवढं एकच वाक्य ते हळू बोलले, “गेले वाटतं कान.”

मी जवळ जाऊन ओरडले, “काका, कान शाबूत आहेत! गजाला राळ लावली नाहीत!” नव्या गजाचे केस गुळगुळीत असतात. राळ घासल्याशिवाय ते तारेला पकडतच नाहीत, मग तार बोलणार कशी? राळ लावली, गज ओढला, आणि गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज निघाला. मुलांनी कान झाकले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे त्यांनी हेडफोन आणले, तेव्हा मात्र मी अडून बसले. आवाज फार वाढवला तर उरलेले कानही जायचे. डॉक्टरांना विचारून काकूंनी बटणावर नेलपॉलिशची खूण केली. त्या खुणेपलीकडे काका कधी गेले नाहीत. वर्षभरात ते साधीसुधी गाणी वाजवू लागले. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर ढळतो. पण त्यांचा हात जमत चालला होता.

आणि कान मात्र उतरत चालले होते. आधी बारीक तारेचा आवाज गेला. ते वाजवायचे आणि विचारायचे, “वाजतेय का?” मी सूर दाखवणारं यंत्र दिलं, हिरवा दिवा लागला की सूर बरोबर. दोन दिवसांत परत आणून दिलं. म्हणाले, “दिव्याकडे बघत वाजवलं की प्रेसवर उभं राहिल्यासारखं वाटतं. तिथेही दिवा बघूनच हात चालवायचा.”

मग एके दिवशी त्यांनी गज खाली ठेवला. “पुरे झालं, बाई. मला ऐकूच येत नाही, तर वाजवू कोणासाठी?”

काकू त्यांना न्यायला यायच्या, कोपऱ्यातल्या बाकावर बसायच्या. वर्षभरात त्या क्लासमध्ये एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, काकांसमोर उभ्या राहिल्या, आणि ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश बोलल्या, “तुम्ही कामावरून यायचात तेव्हा डोकं भणभणलेलं असायचं. म्हणून घरात मी कधी रेडिओ लावला नाही, मोठ्यानं भांडलेसुद्धा नाही. जन्म गप्प राहण्यात गेला माझा. आता मला काही ऐकायचंय. वाजवा.”

काकांनी गज उचलला.

त्या दिवसापासून काकू समोर बसतात. सूर चढला की तळहात खाली, उतरला की वर. काका म्हणतात, “लग्नात झालं नाही, ते आता झालं. बायकोच्या इशाऱ्यावर नाचतोय.”

प्रेस विभागातल्या तरुण मंडळींना काकांचा एक निरोप आहे. तुमच्या दाराशी कानात घालायची बोंडं टांगलेली असतात. त्यांच्या तरुणपणी ती नव्हती. “घाला म्हणावं,” असं त्यांनी बजावून सांगितलंय. व्यवस्थापक साहेबांनीही हे मनावर घ्यावं, ही माझी हात जोडून विनंती.

आपण मला बोलायला उभं केलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. मी इतकं बोलले, त्यातलं काकांना काही ऐकू आलेलं नाही. घरी गेल्यावर काकू त्यांना सांगतील आणि माझं कुठे चुकलं असेल तिथे दुरुस्तही करतील. आपणही ते उणं-अधिक पोटात घालावं.

आता काका वाजवणार आहेत. वाजवताना ते आपल्यापैकी कोणाकडेही बघणार नाहीत. काकूंसाठी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तेवढी मोकळी करून द्या.