बर्फाखालची बाळंतीण

आई : जर्मनीतल्या या आखनच्या थंडीत कानाला काही न बांधता अंगणात गेलीस? ओली बाळंतीण आहेस तू, संपदा.

संपदा : पाच मिनिटंच गं. वारा पडायच्या आत जायला हवं होतं.

आई : म्हणजे मुद्दाम वारा खायला गेलीस! आधीच ती तुमची हेबामे येते नि खिडकी सताड उघडते. सुईण असून! मी मागून फटींत दुपटी कोंबत बसते, आणि तू...

संपदा : आपल्या घराचा फोटो काढायला गेले होते. ऑफिसचा कॅमेरा आहे, त्यात ऊब दिसते. हे बघ. पिवळंधमक दिसतंय ते स्वयंपाकघर.

आई : आणि हा फिकट डाग?

संपदा : आपली खोली. तू आणि बाळ आत होतात ना.

आई : भिंतीतून दिसतो आम्ही?

संपदा : तुम्ही नाही, खोलीतली ऊब. आल्झो, बरं, आता हा दुसरा फोटो बघ. डिसेंबरात विमानातून काढलाय, पार उत्तरेला. सगळा बर्फच आहे.

आई : इथेही डाग आहे की.

संपदा : त्याच्याखाली बहुतेक पांढऱ्या अस्वलाची मादी आहे. बर्फात गुहा खणते आणि आतच बाळंत होते.

आई : बर्फाच्या आत? जवळ कोण असतं तिच्या?

संपदा : कोणी नाही.

आई : खाते काय मग?

संपदा : काहीच नाही. महिनोन्‌महिने. तरी पिल्लांना दूध पाजते. जन्मतात तेव्हा तुझ्या ओंजळीत मावतील एवढीशी असतात.

आई : थांब, मला बसू दे जरा. पोटात अन्न नाही आणि दूध येतं... आणि हे सगळं तुम्हाला वरून दिसतं?

संपदा : दिसतं तो नुसता डाग. पण मी रोज बघते, तरी अंगावर काटा येतो. एवढा जाड बर्फ, आणि त्यातून तिची ऊब वर येते. अगदी जराशी. तेवढ्यावरून कळतं, यंदा पिल्लं कुठे कुठे होणार. एरवी त्यांना मोजणार कसं?

आई : मग हिलाही मोज की.

संपदा : तिथेच अडलंय. बाकीचे डाग लहान आहेत, ठसठशीत. हा पसरट. आमचे साहेब, डीटर, म्हणतात, वाऱ्याने झालाय, खोडून टाक. आणि सोमवारी तिथून तेल कंपनीचा रस्ता सुरू होतोय. ट्रक, रोलर, सगळं.

आई : तिच्या डोक्यावरून?

संपदा : गेनाऊ, अगदी डोक्यावरूनच.

आई : मग आहे म्हणून सांगून मोकळी हो.

संपदा : सांगितलं की त्यांना रस्ता वळवावा लागतो. आणि मार्चमध्ये तिथून कोणी बाहेर आलंच नाही, तर या कॅमेऱ्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवेल? पुढच्या वर्षी बाकीच्यांसाठीही कोणी रस्ता वळवणार नाही.

आई : म्हणून वाऱ्यात जाऊन उभी राहिलीस.

संपदा : आत नक्की कोणीतरी आहे, असं एकच घर माझ्या माहितीचं होतं. हा परवाचा फोटो, वारा नव्हता तेव्हाचा. डाग बघ केवढासा. आणि हा आजचा, पसरट. आत तुम्हीच दोघं. डीटरचं खरं आहे, वाऱ्यानेच पसरलाय. पण पसरायला आधी ऊब लागते ना.

आई : मग लिही तसं. बाळाला मी घेते. आधी तो मफलर बांध.

(मार्च. आईची बॅग भरून दारात ठेवलेली.)

संपदा : तुझा जावई पुष्कर थांबलाय खाली टॅक्सीपाशी. पण हे बघून जा, आत्ताच आलाय. साधाच फोटो आहे.

आई : बर्फात भोक पडलंय?

संपदा : तिचं दार आहे ते. रस्ता इथून गेला, लांबून. आणि ही बघ, दोन.

आई : अगंबाई. दोन! कशी गुटगुटीत आहेत. आणि ही मोठी... तीच का? बर्फाखालची?

संपदा : तीच.

आई : किती वाळलीय गं ती.

संपदा : इतके महिने उपाशीपोटी पाजत होती ना.

आई : लाडवांचा डबा फ्रीजवर ठेवलाय. मी गेल्यावर आठवणीने खा.