पुराव्यातलं पातेलं

—अरे पण कियांग, चौकीच्या मागच्या दारानं कशाला बोलावलंस मला? हां, पुढं आमची सगळी फेरीवाली मंडळी ठिय्या देऊन बसलीत, त्यांच्या देखत कसं विचारणार! आणि तो रुमाल काढ आधी नाकावरचा, काय पुटपुटतोस ते कळत नाय. वास येतो? येणारच! सरकारनं मोठ्या हौसेनं गोळा केलेला माल आहे तो—फळवाल्या सिदिकची पिकून फुटलेली ड्युरियनं, आंबवलेली कोळंबी, मासे—बदकं तेवढी जिवंत आहेत, त्यांचा वास वेगळा. माझ्यावर कशाला डाफरतोस? कायदा तुमचाच ना? जप्त केलेला माल म्हंजे पुरावा, मॅजिस्ट्रेटनं बघेपर्यंत चौकीच्या आवारातनं हलवायचा नाय—कोण म्हणालं हे? चौकीतला कारकून तूच! माझ्याकडं बदक-भात हाणताना, तोंड भरलेलं असताना. मी आपलं पुढं चारचौघांना सांगितलं, एवढंच.

दुकानांपुढच्या ओट्यांवर विकायला बसलं की रोज एकेकाला धरून न्यायचे तुमचे शिपाई, आणि बाकीचे आम्ही गल्लीबोळांतनं पळायचो. म्हणलं, पळायचं कशाला? सगळेच जाऊ या की! मुत्तय्या म्हणाला, म्हातारे, तुझं डोकं फिरलंय. पण शेंगांची कढई घेऊन सगळ्यांच्या पुढं तोच. परवा शिपाई आले तर कुणी हललं नाय—बिचारे गोंधळले रे, कुणाला आधी धरावं! चढावर गाड्या ओढताना त्यांना धाप लागली, तर मागनं आम्हीच ढकलल्या. आता तुमच्या गोऱ्या साहेबाला हवे तसे सिंगापुरातले ओटे मोकळे झालेत, लख्ख झालेत—आणि साहेब खिडकी बंद करून आत उकडतोय. हसू नको, नोकरी जाईल.

काय? माझं एकटीचं पातेलं सोडतोस? आणि मी काय करायचं—अंगठा उठवायचा, ओट्यावर परत बसणार नाय म्हणून, आणि बाहेरच्यांना म्हणायचं उठा, घरी जा. वा रे वा! पातेल्यात काय सोनं आहे? बदकं शिजवायचा रस्साच तर आहे.

...रस्साच. सासूनं दिलेला. तिचे डूल जावेला गेले, पातेलं मला. रोज उकळी द्यायची, रोज नव्या मसाल्याचं पाणी जुन्यात मिसळायचं, तळ कधी दिसू द्यायचा नाय. नवरा गेला त्या दिवशी मढं घरात होतं आणि मी चूल फुंकत होते—लोक म्हणाले, काय बाई आहे! होतेच तशी. नवऱ्याला उकळी देऊन काय उपयोग होता?

सिदिकला मोठ्या तोऱ्यात म्हणलं, गेला रस्सा तर जाऊ दे. खोटं रे. परवापासून डोळ्याला डोळा नाय. या भिंतीला नाक लावून फिरतेय, कुत्र्यासारखी—एवढ्या घाणीत माझा रस्सा कुठं हुंगता येतो का बघत. हे बाहेर बोललास तर तुझ्या भातात केस टाकीन.

चूल पेटवलीस? खास माझ्यासाठी? आत्ता उकळी दिली तर वाचेल म्हणतोस...

कुठाय ती शाई? आण इकडं. सिदिकला काय, त्याची ड्युरियनं झाडाला परत लागतील—आण म्हणते ना! थांब. आधी झाकण काढ. बघू तर दे.

...

फेस आलाय.

नाय, हलवू नको. उकळून काय होणार आता? आंबला तो. ठेव झाकण. ठेव म्हणते ना!

बघतोस काय असा? वासानं पाणी येतंय डोळ्याला. तुझ्याही येतंय की.

ती शाई उचल. आता माझं एकटीचं काय राहिलंय तुझ्याकडं? जे आहे ते सगळ्यांचं आहे, सुटेल तेव्हा सगळ्यांचं एकदम सुटेल. सरक, जाऊ दे मला. पुढच्या दारानंच जाते. आणि साहेबाला सांग, माझं पातेलं नीट जपा म्हणावं. पुरावा आहे.