अक्षर झाकायचं राहिलं

भाईंदरला माहिती अधिकाराच्या खिडकीपाशी माझ्यापुढे नवघरचे एक काका होते. त्यांनी आतल्या मॅडमसमोर एक झेरॉक्स ठेवली.

“माझ्या पत्र्याच्या खोलीची तक्रार कोनी केली, ते मी इचारलं व्हतं.”

“तक्रारीची कॉपी दिलीय ना, काका?”

“नावावर डांबर फासलंय. रस्त्यावर न्हाय फासत एवढं.”

“नाव खाजगी असतं. ते आम्ही झाकूनच देतो.”

“अक्षर उघडंच हाय पन. जिजाचं, माझ्या बहिणीचं. पाटीवर हात धरून मीच शिकवलं तिला.”

“सख्ख्या बहिणीने तक्रार केली?”

“खोली तिच्या वाट्याच्या जागेवर चढवली मी.”

“मग आता काय हवंय?”

“अर्ज मागं घ्यायचाय. चार दिसांवर भाऊबीज हाय, ती ओवाळायला येल. मी इचारलेलं तिला कळाया नको.”

“माहिती दिल्यावर अर्ज मागे घेता येत नाही. उद्या त्यांनी तुमच्या अर्जाची कॉपी मागितली, तर तीही द्यावी लागेल.”

“नावासकट?”

“नाव झाकून. नियम सगळ्यांना सारखा.”

“अर्ज मी हातानंच लिवलाय, बाय.”