पेशंटचं माणूस कोण?

...आणि पुन्हा तेच! पडदा सरकवून सिस्टर विचारते, "पेशंटचं माणूस कोण?" अहो, मग पेशंट काय आहे? खाटेवर आमची गिरजाकाकू मांडी घालून बसलीय, शुद्धीत आहे, बोलतेय, आणि सिस्टर तिच्या डोक्यावरून माणूस शोधतेय! तुम्हाला सांगतो, रोह्याच्या त्या दवाखान्यात माझं डोकंच सटकलं.

झालं काय, काकूची पिशवी काढायची ठरली. गर्भाची पिशवी. ठरवलं कुणी? हिरामणकाकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने. आणि आजच का? तर धाटावच्या कंपनीत त्यांना शिफ्ट बदलून मिळाली होती! त्यांचे थोरले भाऊ हैबतआबा, त्यांचं म्हणणं, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, आता ती पिशवी ठेवून करायचंय काय... जसा काही माळ्यावरचा फुटका हंडा! आणि काकू? तिला विचारलं कुणी? छे! तिला फक्त सांगितलं, डबा भर, निडीच्या फाट्यावर एसटी पकडायचीय.

आता मी पेणच्या कॉलेजात शिकलेला, मी गप्प बसतोय? तिथंच बाकड्यावर आबांना इतिहास सांगायला घेतला. म्हटलं, आबा, हजारो वर्षं वैद्याने सांगायचं आणि रोग्याने गिळायचं असंच चाललं, मग ते मोठं युद्ध झालं, छावण्यांत कोंडलेल्या माणसांवर डॉक्टरांनी न विचारता प्रयोग केले, त्यांच्यावर खटला चालला, आणि न्यायाधीशांनी लिहून ठेवलं की ज्याचं शरीर त्याची संमती हवी, आणि कधी लिहिलं? सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये! आपल्या स्वातंत्र्याच्याच महिन्यात! काटा येतो की नाही अंगावर? आबांच्या नाही आला. आबा म्हणाले, "मंग? तवा गिरजा कुठं होती?"

मी काकांकडे वळलो. अहो, आणीबाणीत नसबंदीची गाडी गावात आली तेव्हा हेच काका पेंढ्यात लपून बसले होते, नाकात कुसं गेली तरी शिंकले नाहीत! म्हटलं, काका, तेव्हा तुमचं शरीर तुमचं, आणि काकूचं कुणाचं? काका एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

तेवढ्यात पुन्हा, "पेशंटचं माणूस कोण?" काका उठले, आबा उठले, मीही उठलो, तिघं एकदम पुढे, एकमेकांच्या पायात पाय! आणि मागून काकूचा आवाज, अगदी शांत.

"मी हाय ना माणूस. मला इचारा."

डॉक्टर बाहेर आले. माणूस बरा हो, स्टूल ओढून तिच्यासमोरच बसले. तपासणीत वाईट काही निघालेलं नाही, गोळ्यांनी अंगावरून रक्त जाणं कमी होईल पण ते पुन्हाही सुरू होऊ शकतं, पिशवी काढली तर हा त्रास संपेल पण ऑपरेशन ते ऑपरेशन, त्याची भीती असते, पुढे बरेच दिवस ओझं उचलता येणार नाही... सगळं तिला, तिच्या भाषेत! माझी छाती अशी फुगली! म्हटलं, आता काकू ठणकावून नाही म्हणणार. गरज नसताना पिशव्या काढतात म्हणून मी केवढं वाचलेलं, माझं भाषण तयार!

काकू म्हणाली, "काढा."

मी म्हटलं, काकू, नीट विचार कर, तुला नाही म्हणायचाही हक्क आहे...

"रगत कोनाचं जातंय रं? तुझं? दोन वरसं उभ्यानं कळ काढतेय मी, कुनी इचारलं नाय. काढा, डॉक्टर. पन आज नाय. गणपती बसल्यावर. माहेरी हमरापूरला मूर्ती खोळंबल्यात, डोळ्यांची आखणी मीच करते."

डॉक्टर म्हणाले, चालेल, तोवर गोळ्या घ्या. झालं! काकांची बदललेली शिफ्ट पाण्यात, आबांचा हुकूम पाण्यात, माझं भाषण घशात!

सिस्टरही आता थेट तिलाच विचारू लागली, ऑपरेशनला सोबत कोण राहील म्हणून. तुम्हीच सांगा, कोण राहणार? एवढा कोणासाठी भांडलो मी? भांडताना सरसावलेल्या बाह्या खाली करून मी पुढे झालो. काकूने आम्हा तिघांकडे सावकाश पाहिलं. म्हणाली, शेजारची बायजा राहील.

"आनि ह्याला आत सोडू नका, बाय. लई बोलतो."

काय करणार... हक्क मी मिळवून दिला, तो तिने वापरला, आणि पहिल्यांदा वापरला तो माझ्यावरच!