नानाचं कार्ड

ऐका रं. शेकोटीत आणखी एक लाकूड सारा आन् चिकटून बसा. गुंड्या, तू मधी ये. कडंला बसलास तर मागं बघशील, मागं बघितलंस की बोंबलशील, आन् माझ्या गोष्टीचा पार इस्कोट व्हईल.

तर बघा. भैरूआण्णाच्या ट्रका तुमाला ठावं हाईत. त्यातल्या जुन्या ट्रकवर बाळकूनाना ड्रायव्हर व्हता. म्हातारा, बिडी वढायचा, खोकायचा, पर गाडी अशी चालवायचा की मागं झोपलेला किन्नर, म्हंजी गाडीचा क्लीनर, कूस बदलायचा न्हाय. ह्यो नाना कावळखिंडीच्या घाटात गेला. गेला म्हंजी कसा? लागोपाट गाडी हाणत व्हता, वळणावर डुलकी लागली. येवढुशी डुलकी! ट्रक झाडाला अडकला, वाचला. नाना दारातनं खाली. दरीत.

तवापासनं आपलं ड्रायव्हर घाटमाथ्यावर थांबायचं, बिडी पेटवून कठड्यावर ठेवायचं. "नाना, वढा," म्हणायचं आन् गाडी काढायची. ती बिडी वारा वढतोय का आणखी कोण, ते बघाय कुणी थांबायचं न्हाय. तू थांबशील का गुंड्या? मग गप बस.

पुढं काय झालं, माल देणारी कंपनी आडून बसली. गाडीत मशीन बसवा, ड्रायव्हर किती तास चालवतोय ते आमाला दिसलं पायजे, न्हायतर माल बंद! आता हे ड्रायव्हरच्याच भल्याचं. त्याला झोप मिळावी म्हणून. आण्णानं तोंड वाकडं करून मशीन बसवलं. ड्रायव्हरनं आपलं लायसनचं कार्ड मशीनच्या खाचंत सारायचं, मशीन बाईच्या ग्वाड आवाजात बोलायचं. तास भरलं की तीच बाई कोकलायची, आन् तिकडं कंपनीत कळायचं. गाडी न थांबवता दामटायची तर दुसरा ड्रायव्हर पायजे. त्याचं कार्ड सारलं की बाई गप.

आण्णा दुसरा ड्रायव्हर ठेवतोय व्हय? त्या बाबानं ड्रॉवर उघडला आन् नानाचं लायसन भाईर काढलं. समोर ज्योतिराम उभा. नानाच्या हाताखाली शिकलेला गडी.

"आण्णा, नाना मेल्यात की."

"नाना मेल्यात, लायसन जित्तं हाय. तारीख बघ!"

"पर आण्णा..."

"पर न्हाय आन् बिर न्हाय. मशीनला काय कळतंय मेलेला कोण आन् झोपलेला कोण?"

मशीनला न्हाय कळलं. बरोबर हाय. पर ज्याचं नाव घातलं, त्याला कळलं की रं!

दसऱ्याच्या आदल्या दिशी ट्रकमधी झेंडू भरला. उजाडायच्या आत शेराच्या बाजारात पोचायचं. ज्योतिराम सकाळधरनं गाडीवरच व्हता, पाठीचा पार काटा ढिला झालेला. किन्नर तापानं फणफणलेला, घरी. अंधार पडला आन् ज्योतिराम एकटाच निघाला.

घाटाच्या पायथ्याला बाई कोकलली. "चालक क्रमांक एक, आपले तास संपले. विश्रांती घ्या."

त्याचं डोळं तर कवाच मिटाय लागल्यालं. पर झेंडू कोमेजला तर आण्णा सोलून काढील. त्यानं नानाचं कार्ड घेतलं. खाचंत सारलं.

"चालक क्रमांक दोन, आपले स्वागत आहे."

झालं! बोलावलं की न्हाय?

गाडी वर चढली. माथा आला. ज्योतिराम थांबला न्हाय. थांबला की उशीर व्हणार, आण्णा शिव्या घालणार. "नाना, उद्या दोन बिड्या देतो," म्हणला आन् तसाच पुढं निघाला.

पयला आला वास. बिडीचा. बिड्या तर त्याच्या खिशात, न पेटवलेल्या! मग डाव्या बाजूचं दार उघडलं. मिटलं. कोण दिसंना, पर सीट दबली. कुरकुर करून दबली. मग खोकला. खक्... खक्... खक्... तो खोकला ज्योतिरामनं कैक वर्सं शेजारी बसून ऐकल्याला.

"सरक, लेका."

ज्योतिरामनं केबिनमधल्या आरशात बघितलं. आन् ऐका! आरशात ज्योतिराम डाव्या सीटवर बसल्याला! मान लटकल्याली. त्यानं खाली बघितलं. हात मांडीवर! दोनी हात मांडीवर! मग स्टेअरिंगवर कोण?

नाना. तीच टोपी, त्योच मफलर. आन् अंगातनं पाणी गळतंय, टप टप, दरीतल्या ओढ्याचं.

"झोप ज्योत्या. लई दमलायस. आता माझी बारी."

आवाज येवढा मायेचा की ज्योतिरामच्या पापण्या खालीच आल्या. कसंबसं त्यो बोलला, "नाना... तुमालाबी झोप लागल."

"मला? माझं डोळं मिटतच न्हाईत रं तवापासनं."

आन् नानानं तोंड फिरवलं. डोळं हे येवढं! उघडं! पर रस्त्याकडं न्हाईत. दरीकडं.

वळण आलं. रस्ता वळला, नाना वळंना. त्याचा रस्ता तिकडनंच की! ज्योतिराम वरडला, "नाना, ब्रेक!" नाना हसला. ज्योतिरामनं पाय झाडला, ब्रेकवर पोचंना. कार्ड उपसाय गेला, बरफागत गार, निघंना. कठडा फुटला. दगड खाली गेलं, त्यांचा आवाजबी वर आला न्हाय.

मधी मशीन चमकत व्हतं. त्यावर एकच बटण, विश्रांतीचं. ज्योतिरामनं मूठ हाणली.

"चालक क्रमांक दोन, आपण विश्रांतीवर आहात."

नानाचं हात सुटलं. "सुट्टी?" म्हातारा हळूच म्हणला. "मला?" आन् सीट रिकामी.

ज्योतिरामनं झेप घेतली, दोनी पाय ब्रेकवर! ट्रक थांबला तवा म्होरलं चाक वाऱ्यावर फिरत व्हतं. निम्मा झेंडू दरीत.

उजाडंस्तवर गडी कठड्यापाशी बसून बिड्या पेटवत व्हता. एकामागं एक. उन्हं वर आल्यावर आण्णा आला.

"झोपलास, सपान पडलं, आन् नानाचं नाव सांगतोस व्हय रं? माझा झेंडू!"

तेवढ्यात केबिनमधनं बाई बोलली, "चालक क्रमांक दोन, आपली विश्रांती पूर्ण झाली."

डावं दार उघडलं. मिटलं. आन् चावी ज्योतिरामच्या खिशात असताना इंजन सुरू झालं.

आण्णाचं धोतर वलं. हसू नका, तुमचंबी झालं असतं! त्यानंच मग पहार घालून मशीन उपटलं आन् कार्डासकट दरीत भिरकावलं.

चुकला. तिथंच तर नाना ऱ्हातोय.

आता आपली एकबी गाडी त्या घाटानं जात न्हाय. ज्योतिराम तर लांबच्या वाटंनं फिरून जातो, आण्णा चकार बोलत न्हाय. तुमीबी कावळखिंडीनं जाऊ नका. ट्रक असू दे, सायकल असू दे, न्हायतर पायी. अंधार पडला की खालनं ग्वाड आवाज येतो, "चालक क्रमांक एक, आपले तास संपले." आन् ऐकणाऱ्याचं डोळं जड व्हत्यात. आपसूक. लई ग्वाड झोप येती.

ए गुंड्या. डोळं उघड की. गुंड्या?

आन् खोकलं कोण रं आत्ता? मी न्हाय खोकलो.