आखाजीचे मांडे

नाही भाऊ, ‘बरी झाली पाहिजे’ याला ध्येय म्हणत नाहीत, नवस म्हणतात. ध्येयाला तारीख लागते. घ्या, माझा पेन घ्या, फॉर्मवर तारीख लिहा. तुमच्या मंडळींना लकवा होऊन किती झाले, तीन आठवडे? — मग वेळेत आलात. आम्ही पाचोऱ्याहून जळगावला या व्यायामाच्या दवाखान्यात सात महिने येतोय. हा बाक माझ्या मापाचा झालाय. दिवाळीनंतर आमच्या सुलक्षणाची उजवी बाजू गेली, हात आणि पाय. मी पंचायत समितीत चौतीस वर्षं कारकून — तिला घरी आणलं त्याच दिवशी तक्ता आखून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. संक्रांतीला उठून बसणे. होळीला दारापर्यंत. पाडव्याला काठी घेऊन फाटकापर्यंत. — झालं की नाही? सगळं झालं. सरकारी काम मुदतीत झालेलं पाहिलंय कधी? हे झालं.

तक्त्याच्या तळाशी तिनं डाव्या हातानं एक ओळ लिहिली होती — ‘आखाजीला मांडे.’ अक्षय्य तृतीयेला आमची लेक दिपमाला धुळ्याहून माहेरी येणार, तिच्यासाठी. आता मांडे म्हणजे — पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत वाढवायची आणि तापल्या खापरावर टाकायची. धडधाकट सुनांना जमत नाही. मी लाल शाईनं शेरा मारला, ‘तूर्त शक्य नाही. प्रकरण बंद.’ गंमत हो. ती हसली नाही. अर्ध्या चेहऱ्यानं हसता येत नसेल, असं मी धरून चाललो.

मी रोज दुपारी वाचनालयात गेलो की शेजारच्या कमलबाई कणीक घेऊन यायच्या म्हणे. दोन महिने. मला पत्ता नाही. आखाजीच्या सकाळी मागच्या अंगणात धूर दिसला म्हणून गेलो — सुलक्षणा चुलीपाशी उभी, काठी भिंतीला टेकवलेली, मांडा दोन्ही हातांवर. हो, उजव्यावरसुद्धा. — मी काय केलं म्हणजे? ओरडलो. ‘पडशील’ म्हणून ओरडलो आणि धावत जाऊन काठी पुढं केली. ती दचकली, उजवा हात खापरावर पडला. आणि त्या हाताला चटका कळत नाही ना — तिथंच राहिला. कमलबाईंनी उचलेपर्यंत. मी काठी धरून उभा होतो.

दवाखान्याच्या कागदावर ‘स्वयंपाक करताना तोल गेला’ असं आहे. अक्षर माझंच. रिक्षात तिनं एवढंच विचारलं, “मन्हा हात उठना व्हता ना?” — उठला होता. मी डोळ्यांनी पाहिला होता. मी म्हणालो, डॉक्टर बघतील.

त्यानंतर काही विचारत नाही. तक्त्यात पुढच्या तारखा घातल्यात मी, तिकडं बघत नाही. चटका बरा झाला, हात मात्र आता उचलतच नाही. उचलता येत नाही की — जाऊ द्या.

हाक आली वाटतं. मला नाही हो, आत तिच्याबरोबर दिपमाला असते. सुलक्षणानंच लेकीला सांगितलंय तसं, बाबा बाहेर बसू देत. तुमचं नाव घेतायत, उठा.

आणि तो पेन द्या इकडं.